साक्ष मागे घेताना

मी बरी झाले, अशी साक्ष मी मंडळीसमोर उभी राहून दिली, तेव्हा मी बरी झालेली नव्हते. हे वाक्य आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे सजवायला वाव राहणार नाही. सजवून सांगायची मला खोड आहे. आमच्या स्त्रीमंडळात बारा वर्षं मी बोलत आले आणि बाकीच्या ऐकत आल्या.

मी वत्सला. माहेर जालन्याचं, लग्नानंतर हैदराबाद. माझे यजमान मनोहर कुकटपल्लीतल्या एका कारखान्यात फिटर आहेत, मुलगी प्रिसिला इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला. आमची मराठी मंडळी लहान, तीसेक घरांची. कोठी भागातल्या एका तेलुगू चर्चमागची खोली आम्हाला रविवारी दुपारी मिळते. मला क्षयरोग झाला. एकदा झाला, आणि माझ्या शहाणपणामुळे उलटून पुन्हा झाला. जिला आज डॉक्टरांनी असंच काहीतरी सांगितलंय, आणि जिच्या ओट्यावर कुणीतरी प्रार्थनेच्या तेलाची बाटली आणून ठेवलीय, तिच्यासाठी हे लिहितेय.

निकाल

तीन महिने खोकत होते. मी खोकल्याचं खापर रस्त्यावरच्या धुळीवर फोडलं, मग मिरचीच्या फोडणीवर. वजन उतरत होतं, त्याचं मला कौतुकच होतं. शेजारीणही म्हणाली की लग्नातल्यासारखी दिसतेस, आणि मी दोन दिवस त्याच खुशीत होते.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि टीबी म्हणाल्या, अगदी सर्दी म्हणावी तसं. मी म्हणाले, आमचं घर स्वच्छ असतं, आम्ही उकळलेलं पाणी पितो. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "अम्मा, ये बीमारी घर देख को नै आती." सहा महिने गोळ्या, रोज सकाळी, एकही दिवस चुकवायचा नाही. बरं वाटलं तरी थांबायचं नाही. हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी तीनदा हौ म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मी पदर तोंडावर धरून बसले होते. मनोहर माझ्या शेजारी न बसता दोन सीट पुढे जाऊन उभे राहिले. नंतर म्हणाले, बाई चढली होती, तिला जागा दिली. असेलही. पण ते पाठमोरं उभं राहणं मी अजून विसरलेली नाही, आणि त्यांना ते माहीत आहे.

पहिले दोन महिने

गोळ्या घेतल्या की उलटी व्हायची. लघवी तांबडी व्हायची, ती पाहून पहिल्या दिवशी मी संडासातच खाली बसले. मनोहर हॉलमध्ये झोपायला लागले, डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. प्रिसिला खिडकी उघडी टाकून अभ्यास करायची. माझं ताट-वाटी-पेला मीच वेगळा काढला. कुणी वेगळा काढ म्हणालं नाही, आणि कुणी राहू दे असंही म्हणालं नाही.

मंडळीत मी सांगितलं की अल्सर आहे. टीबी म्हटलं की लोक चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत, फक्त खुर्ची जरा सरकवतात. आमच्याकडे प्रभुभोजनाचा, द्राक्षरसाचा पेला एकच असतो, ओळीनं सगळ्यांच्या ओठांना लागतो. त्या दोन महिन्यांत मी मागे बसून राहायचे आणि पोटात दुखतंय म्हणायचे. गायला मात्र जायचे, कारण गाण्यात आपली पहिली ओळ. त्यानं कुणाचं काय बिघडणार, असं मला वाटायचं.

दोन महिन्यांनी थुंकी तपासली, तिच्यात जंतू दिसले नाहीत. खोकला गेला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान, आता उरलेले चार महिने असंच. मला फक्त 'छान' ऐकू आलं.

आवाज

आमच्या गल्लीत एका घराच्या वरच्या मजल्यावर शुक्रवारी तेलुगू प्रार्थनासभा भरायची. ती घेणाऱ्या बाईंना सगळे सिस्टरम्मा म्हणत. मी तिथे गेले, कारण आमच्या मंडळीत मला सगळे ओळखतात आणि तिथे कुणी ओळखत नव्हतं. सिस्टरम्मांनी माझ्या कपाळाला तेल लावलं आणि डोळे मिटूनच तेलुगूत म्हणाल्या, आजाऱ्यांच्या यादीतून तुझं नाव खोडलंय, मग अजून आजाऱ्याची पिशवी का वाहतेस?

माझ्या पर्समध्ये गोळ्यांची पाकिटं होती. यांना कसं कळलं, म्हणून माझ्या अंगावर काटा आला. आज विचार करते, तर त्या खोलीत चाळीस बायका होत्या आणि निम्म्यांच्या पर्समध्ये शुगरच्या, बीपीच्या, कसल्या ना कसल्या गोळ्या असणार. त्या दिवशी हे सुचलं नाही.

घरी येऊन प्रार्थनेला बसले आणि मला आतून ऐकू आलं: पुरे झालं आता. शपथेवर सांगते, ऐकू आलं. दोन महिने रोज सकाळी ओकणाऱ्या बाईला याहून गोड दुसरं काय ऐकू येणार? मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही म्हण मी मुलांच्या संडेस्कूलमध्ये किती वेळा समजावून दिलीय. आपल्यावर वेळ आली की म्हण आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी गोळ्या तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवायला लागले. दवाखान्यातून आणायच्या आणि डब्यात ढकलायच्या. सकाळी मनोहर चहा पीत बसलेले असत. त्यांच्यासमोर मी रिकामी मूठ तोंडाशी न्यायची, मान मागे टाकायची आणि पेलाभर पाणी प्यायची. तीन महिने.

साक्ष

उपकारस्तुतीच्या रविवारी लोक उभे राहून देवानं काय केलं ते सांगतात. कुणाला नोकरी लागलेली असते, कुणाची सून नांदायला परत आलेली असते. मी उभी राहिले आणि पहिल्यांदा टीबी हा शब्द उच्चारला. आता त्याची लाज नव्हती, कारण गोष्टीचा शेवट माझ्या हातात होता. मी सांगितलं की प्रार्थनेत माझ्या छातीतून ऊब फिरली, गरम पाण्यात हात घालावा तशी, आणि त्या क्षणी रोग गेला.

ऊब फिरली नव्हती. सिस्टरम्मांचं तेल गार होतं. ते वाक्य माझ्या तोंडून कसं आलं ते मला सांगता येत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. बायका रडल्या, मनोहरही रडले. ते तर मी रोज गोळ्या घेतेय असंच समजत होते. त्या दिवशी मी पेल्यातून प्रभुभोजन घेतलं आणि पहिल्या ओळीत उभी राहून गळा मोकळा करून गायले.

माझ्या शेजारी नलिनी गात होती. नलिनी अठ्ठावीसची, गौलीगुड्यात सासूसोबत राहते, आवाज आमच्या सगळ्यांत गोड. शाळेपासून तिला फिट्स येतात. गोळ्यांमुळे कित्येक वर्षं आल्या नव्हत्या, पण सासू तिला येताजाता गोळीवरची सून म्हणायची. उपासना संपल्यावर तिनं मला खुर्च्यांच्या ढिगामागे गाठलं.

"ताई, गोळ्या अजून चालू आहेत का हो तुमच्या?"

खोटं बोलायला हीच जागा होती. पण नेमकी इथे मी खरं बोलले. "नाही. कधीच सोडल्या. कुणाला बोलू नकोस."

"भीती नाही वाटली?"

"भीती आणि विश्वास एका घरात नांदत नाहीत, नलिनी."

हे वाक्य मला इतकं आवडलं की बसमध्ये बसल्यावर मी ते मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

तांदळाचा डबा

पाचव्या महिन्याच्या शेवटी दात घासताना खोकल्याची उबळ आली आणि बेसिनमध्ये रक्त पडलं. पाणी सोडलं, ते गेलं. पुन्हा पडलं. मी प्रिसिलाला हाक मारली नाही. खाली बसून बेसिनचा पाईप धरून राहिले.

छातीच्या दवाखान्यात मला भरती केलं. बायकांच्या वॉर्डात दिवस पहाटे झाडूनं सुरू होतो, मग इंजेक्शनं, मग एकीपाठोपाठ एक खोकण्याची फेरी. शेजारच्या खाटेवरची महबूबनगरची म्हातारी मला रोज अर्धं केळं द्यायची. तेवढंच काय ते चांगलं आठवतं.

चौथ्या दिवशी मनोहर आले. घरी भात लावायला त्यांनी तांदळाच्या डब्यात खोलवर हात घातला होता. त्यांनी प्लास्टिकची पिशवी माझ्या खाटेवर ठेवली. आत गोळ्यांची पाकिटं होती आणि पाकिटांना तांदळाचे दाणे चिकटलेले.

"माझ्यासमोर पाणी पीत होतीस, ते काय होतं?" त्यांनी विचारलं.

मी देवाचं नाव घेतलं. ते म्हणाले, "त्याला मधे आणू नको. मी विचारतोय." ते स्टुलावर तासभर बसले आणि उठून गेले. पंचवीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यावर कधी ओरडला नाही. त्या दिवशी ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

जुन्या गोळ्यांना रोग आता दाद देत नव्हता. नव्या, जास्त कडक, दीड वर्ष. प्रिसिलाची तपासणी झाली, तिचा निकाल येईपर्यंतचे तीन दिवस मी जेवले नाही. ती सुटली. भेटायला आली तेव्हा मास्क लावून दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, यू लाइड टू डॅडी एव्हरी डे." मराठीत बोलली असती तर तिला इतकं सरळ बोलता आलं नसतं, म्हणून इंग्रजीत बोलली असावी.

मी नर्सला आमची उपासना, गाणं, सगळं सांगितलं आणि विचारलं की आमच्या एका पेल्यातून कुणाला हा रोग गेला असेल का. ती हसली. "प्याले से नै अम्मा, गाने से. मुँह खोल को बाजूवाली के ऊपर गाए ना?" मी दोन महिने पेल्याची धास्ती घेऊन बसले होते आणि नलिनीच्या कानाशी गात होते.

मंडळीला कळवलं, अशक्तपणा आलाय. साक्ष देऊन झाली होती, आता दुसरं काय कळवणार?

शांताबाई

शांताबाई आमच्या मंडळीत सगळ्यांत वडील. जालन्याच्या मिशन दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स होत्या, आता मुलाकडे हैदराबादला असतात. त्या मास्क लावून, डब्यात पेज घेऊन आल्या, उशाजवळच्या गोळ्या एकेक हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाल्या, "अशक्तपणाला ह्या गोळ्या देत नाहीत, वत्सले."

मग त्यांनी नलिनीची बातमी सांगितली. महिन्यापूर्वी ती भाकरी करताना फिट येऊन पेटत्या गॅसवर पडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. "आणि पोरगी अजून फिटच्या गोळ्या घ्यायला तयार नाही. म्हणते, वत्सलाताईंचा विश्वास पुरला, माझा कमी पडला. आता वाढवायचाय. पुढची फिट तिला जिवंत ठेवील असं मला वाटत नाही. तू काय सांगितलंस तिला?"

मी म्हणाले, काही नाही. मग पेज गार होईपर्यंत सगळं सांगितलं, तेल, आवाज, डबा, ऊब, खुर्च्यांमागचं ते वाक्य. शांताबाईंनी मधे एकदाच तोंड उघडलं, खोकला येतोय तर पाणी पी म्हणायला.

"आत्म्यांची पारख करा, आवाज देवाचा की दुसरा कुणाचा ते तपासा, असं शास्त्र सांगतं," मी शेवटी म्हणाले. "मी ते किती जणींना शिकवलं. मला का नाही जमली?"

"त्या आवाजानं गोळ्या डब्यात लपवायला सांगितलं होतं का?"

"नाही. ते मीच केलं."

"मग तुझाच त्याच्यावर विश्वास नव्हता गं. असता तर नवऱ्यासमोर केरात टाकल्या असत्यास. दवाखान्यातून आणून जपून कशाला ठेवल्यास?"

आजारात मी पुष्कळ रडलेय, पण ते माझ्यासाठी होतं. त्या दिवशीचं वेगळं होतं. मला ठाऊक होतं. तीन महिने रोज सकाळी मला ठाऊक होतं.

जाताना त्या म्हणाल्या, "मी काही शास्त्री नाही. पण जो आवाज चारचौघांत उभं राहून बोल म्हणतो, त्याला आठ दिवस थांबव. जो कुणाची भांडी घासून ये म्हणतो, त्याचं लगेच ऐक. दुसरा चुकला तरी नुसती भांडीच स्वच्छ होतात."

गौलीगुडा

माझ्यापासून कुणाला धोका नाही असं डॉक्टरांनी सांगायला आणखी दोन महिने गेले. तोपर्यंत मी नलिनीला फोन करत होते, ती उचलत होती आणि मी हवापाण्याचं बोलत होते. मुद्द्यावर यायची वेळ आली की जीभ वळायची नाही. शांताबाई तिच्या घरी जाऊन गोळ्या घे म्हणून सांगून आल्या. नलिनीनं त्यांना चहा दिला आणि गोळ्या घेतल्या नाहीत.

शेवटी मी गेले. नव्या गोळ्यांनी माझं तोंड तव्यासारखं काळं पडलं होतं. सासूनं मला ओळखलंच नाही. नलिनी उजवा हात मांडीवर ठेवून बसली होती. कातडी आखडून बोटं आत वळली होती. तिनं डाव्या हातानं माझ्या गालाला हात लावला.

"ताई, किती काळवंडलात. उन्हात फिरता का?"

मी बसलेच नाही. उभ्यानं सांगितलं, "नलिनी, मी बरी झाले नव्हते. माझा रोग उलटला. मला आता दीड वर्ष गोळ्या घ्यायच्यात, त्यांनी मी काळी पडलेय. मी तुला खोटं सांगितलं."

आत सासूनं पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"मग ती ऊब?" तिनं विचारलं.

"ती नव्हतीच. मी घातली मधे."

"मी तिची वाट बघायची," नलिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "रोज सकाळी गोळी न घेता डोळे मिटून बसायची, आणि छातीत काही गरम होतंय का बघायची. होत नव्हतं. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी घाण आहे."

मी तिचे पाय धरायला वाकले, तिनं पाय ओढून घेतले. "जा आता," ती म्हणाली. दाराशी थांबून मी म्हणाले, मी सकाळी सातला माझ्या गोळ्या घेते. तू तुझी घेतलीस की नुसता मिस्ड कॉल दे, मी उचलणार नाही. तिच्या सासूनं माझ्यामागे दार लावून घेतलं.

पुढचं

आठ दिवस थांबले. मग आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना म्हणाले, मला माझी साक्ष मागे घ्यायची आहे. त्यांनी चष्मा काढला. "साक्ष देण्याची पद्धत आहे, वत्सलाबाई. मागे घ्यायची नाही. लोकांचा विश्वास डळमळेल." मी म्हणाले, एकीचा हात गेलाय, आता कुणाचा डळमळला तर डळमळू दे.

रविवारी उभी राहिले. चार वाक्यं बोलले, त्यात सजावट नव्हती. साक्ष संपली की आमच्याकडे सगळे आमेन म्हणतात. माझं संपलं तेव्हा कुणालाच कळेना म्हणावं की नाही. मग मनोहर उठून माझ्या शेजारी येऊन बसले, बसमधल्यासारखे लांब उभे राहिले नाहीत. घरी अजूनही ते हॉलमध्येच झोपतात, डॉक्टरांनी परवानगी देऊन चार महिने झाले तरी.

स्त्रीमंडळात मला आता बोलायला कुणी सांगत नाही. मी चहाचे कप धुते. प्रार्थनेला बसले की आतून काही ऐकू येत नाही. कधी आलंच, तर मी आधी विचारते की हे ऐकायला मला आवडतंय का. बहुतेक वेळा उत्तर हो असतं, आणि मी तो आवाज सोडून कामाला लागते. याला पारख म्हणत असतील तर ती मला फार उशिरा आणि दुसरीच्या हातानं आली. बाई, तुझ्या ओट्यावरची तेलाची बाटली राहू दे. प्रार्थनाही कर. पण गोळी नवऱ्यासमोर, मुलीसमोर, जीभ दाखवून घे.

नऊ दिवस नलिनीचा फोन आला नाही. दहाव्या दिवशी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी माझा फोन दोनदा वाजला आणि थांबला. तेव्हापासून रोज येतो, त्याच वेळी. ती माझ्याशी बोलत नाही. मंडळीतही येत नाही. शांताबाई म्हणतात, येतोय ना, देवाचे आभार मान.

मी मानते. पण ती गोळी घेऊन फोन करते की नुसताच, हे मला इथून कळायला मार्ग नाही. रिकामी मूठ तोंडाशी नेऊन मी तीन महिने नवऱ्याच्या समोर बसून पाणी प्यायले होते, आणि त्यालाही कळलं नव्हतं.